इको करायचाय? आधी विचारा, बाळाला पाजायचं का

दीड महिन्याच्या लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांना लेकीच्या छातीत मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांसोबतचा जादा आवाज, ऐकू आली. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी हातापायाला ऑक्सिमीटर लावला होता, रक्तातल्या ऑक्सिजनचे आकडे ९५ टक्क्यांच्या वर होते. मग हे मध्येच कुठून? तर हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असलं, म्हणजे व्हीएसडी, तर बाळ सहसा निळं पडत नाही. शुद्ध रक्तच पुन्हा फुप्फुसांकडे जातं. जन्मतः फुप्फुसांतला दाब जास्त असतो, तो उतरला की आवाज येतो. हे पाच मिनिटांत समजलं. पुढे टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

हॉस्पिटलचं नाव घेत नाही. काउंटरवर एवढंच सांगितलं, "उपाशी आणा." भांडुपहून सकाळच्या गर्दीत लेडीज डब्यातून तान्हं बाळ घेऊन गेलो. भुकेनं ती किंचाळत होती आणि आतून उत्तर, "रडणाऱ्या बाळाचा इको होत नाही, झोपवा." उपाशी बाळ झोपवून दाखवा एकदा! सासूबाईंनी खांद्यावर थोपटून कशीबशी झोपवली, तर मशीन आयसीयूत गेलेलं. ते परत आलं तेव्हा ही टक्क जागी. नंबर शेवटी. दुपारी "आता पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या खेपेला एका सिस्टरने हळूच विचारलं, "हिला औषध देऊन झोपवणार नाहीत, मग उपाशी कशाला? पाजा, गुंडाळा, झोपेल." पाजलं. झोपली. इको झाला. हे वाक्य दारावर लिहून लावायला किती खर्च येतो हो? औषध देणार असतील तर मात्र काही तास उपाशी ठेवावंच लागतं, म्हणून नंबर घेतानाच स्पष्ट विचारा.

छिद्र लहान निघालं, स्नायूच्या भागातलं. अशी बरीचशी आपोआप बुजतात. सध्या फक्त ठरावीक तपासण्या. पिताना कपाळावर घाम येणं, दोन घोट पिऊन धापा टाकणं, वजन न वाढणं, यांवर लक्ष ठेवायला सांगितलंय. ओठ किंवा जीभ निळी दिसली तर तारखेची वाट न पाहता थेट हॉस्पिटल.

हो, एक राहिलंच: ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं विचारा. योजनेतल्या हॉस्पिटलांत मदतीला योजनेचा माणूस, आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि बाळाचा जन्मदाखला जवळ ठेवा. आणि लसीच्या कार्डावरची वजनं दर वेळी लिहून घ्या. हृदयाचे डॉक्टर पहिल्यांदा तीच मागतात.