कण्हेरीच्या फांद्या आणि माझ्या कोंबड्या : माझा अनुभव

आम्ही पाटण तालुक्यात राहतो, घरामागं परसबाग आहे आणि ११ गावरान कोंबड्या. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या दोन माझ्या चुकीनं गेल्या म्हणून हे लिहितेय.

झालं असं की श्रावणात चार दिवस झड लागलेली, त्यात मुंगूस फिरत होतं, म्हणून कोंबड्या जाळीतच कोंडून ठेवलेल्या. त्याच दिवसांत कुंपणाची कण्हेर छाटली, आणि जाळीवरनं पाण्याचे शिंतोडे आत येतात म्हणून त्याच फांद्या मी वर आडव्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एक तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी) मेलेली, दुसरी पंख पाडून बसलेली, पातळ हागत होती, दुपारपर्यंत तीही गेली. सासूबाई म्हणाल्या, "अगं मानमोडी आली, बाकीच्या लगेच वेगळ्या कर." मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग. पण त्याची लासोटा लस आणि नंतरची लस दोन्ही वेळेवर दिलेल्या, म्हणून मला पटेना, मेलेली कोंबडी पिशवीत घालून सरळ जनावरांच्या दवाखान्यात नेली.

डॉक्टरांनी पोट फाडून बघितलं, तर पेटीत (कोंबडीचे दाणे दळले जातात त्या जठरात) दाण्यांबरोबर कण्हेरीच्या जाड पानांचे तुकडे. म्हणाले, "ताई, हे थेट हृदयावर जातं, आणि पान वाळलं तरी विष जात नाही." उतारा म्हणून खास काही औषध नाही, तिसरी एक सुस्त होती तिच्यासाठी त्यांनी औषधी कोळशाची पूड दिली, कोरड्या उबदार जागी ठेवून पाणी पाजत राहिले, ती वाचली.

मला कळेना, हीच कण्हेर कुंपणाला कित्येक वर्षं आहे, कोंबड्या तिच्याखालीच उकरतात, मग आत्ताच का खाल्ली? डॉक्टरांनी ते फार छान समजावलं. मोकळ्या कोंबडीला गवत, किडे, घोळ असं भरपूर मिळतं, कडू पानाला ती चोच लावून सोडून देते. कोंडलेली असली, दुसरा हिरवा पाला नसला की समोर येईल ते टोचते, आणि पिल्लांना तर काहीच कळत नाही.

मग रविवारी सगळी परसबाग फिरून बघितली. कण्हेर देवाच्या फुलांसाठी ठेवली, पण छाटलेलं आता लांब नेऊन पुरते. कडेचा एरंड काढला, त्याच्या बिया फार वाईट. धोतरा उपटला. कुंपणावर गुंजेचा वेल होता, त्या लालकाळ्या बिया दिसायला दाण्यासारख्याच, तो आधी मुळासकट काढला. कुंडीतला मनी प्लांट आणि डिफेनबेकिया ओट्यावर उंच ठेवले, त्यानं तोंड-घसा भाजल्यासारखा होतो. आणि किचनमधलंही बघायला हवं, हिरवा पडलेला बटाटा, त्याची साल, कच्चा राजमा, अ‍ॅव्होकॅडोची साल आणि बी हे खरकट्यात अजिबात टाकू नका.

घालायचं काय तर शेवग्याचा पाला, यासारखं दुसरं नाही, फांदी टांगली की अर्ध्या तासात काड्या उरतात. मेथी-कोथिंबिरीची देठं, राजगिरा, घोळ, तुळस, जास्वंदीची पानं-फुलं सगळं चालतं. घरचा झेंडू दसऱ्यानंतर पाकळ्या करून घालते, बलक मस्त केशरी येतो, बाजारातला मात्र नाही, त्यावर फवारणी असते. आता कोंडायची वेळ आली की आधी जाळीत शेवगा टांगते, मगच दार लावते.

एक काम अजून रोजचं आहे. शेजारच्या काकूंची बिट्टी आमच्या भिंतीवरनं झुकलेली आहे, तीही कण्हेरीसारखीच विषारी, लहानपणी त्याच बियांनी आम्ही खेळायचो. काकूंनी आमच्या बाजूच्या फांद्या तोडू दिल्या, पण वाऱ्यानं फळं पडतातच, म्हणून खुराडं उघडायच्या आधी मी तेवढा कोपरा झाडून घेते.