लाइट प्रोग्रॅमचा एक दिवस

युरोपातले युद्ध संपून तीन महिनेही झाले नव्हते, तोच २९ जुलै १९४५ रोजी बीबीसीने ‘लाइट प्रोग्रॅम’ ही हलक्याफुलक्या करमणुकीची रेडिओसेवा सुरू केली. १९५० च्या सुमाराचा कामाचा एखादा दिवस घेतला, तर सकाळी नऊनंतर गृहिणींच्या फर्माइशीची गाणी लागत आणि साडेदहाला ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’. मला यातला हाच कार्यक्रम सर्वांत मजेशीर वाटतो. यंत्रांच्या घरघरीतही ऐकू यावे म्हणून त्यात अर्धा तास सलग, चढउतार टाळून संगीत वाजवले जाई. मात्र कामगार हातातली हत्यारे आपटून ठेका धरतील, या धास्तीने ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सास’ या गाण्याला तिथे मज्जाव होता. दुपारी दोनला ‘वुमन्स अवर’. १९४६ मध्ये तो सुरू झाला, तेव्हा त्याचा सूत्रसंचालक चक्क पुरुष होता. संध्याकाळी पावणेसातला डिक बार्टन या काल्पनिक गुप्तहेराची साहसे ऐकायला पोरेटोरे रेडिओला चिकटत. ‘एज्युकेटिंग आर्ची’ या विनोदी कार्यक्रमाचा नायक तर पीटर ब्रफ या शब्दभ्रमकाराचा बाहुला होता. रेडिओवर शब्दभ्रमकाराचे ओठ हलतात की नाही, हे कोणाला दिसणार? तरीही लाखो श्रोते त्या लाकडी पोरावर जीव टाकत.