तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना सायकलवरून नेताना भीती नाही वाटत?

वाटते. आधी हेच सांगून टाकते. शाळेच्या फाटकापाशी, लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला मला हाच प्रश्न येतो आणि त्याला जोडूनच, "अगं, पण घरात स्कूटर आहे ना?" आहे. मला चालवताही येते.

आजवर मी सोपी उत्तरं देत आले. पेट्रोल वाचतं, व्यायाम होतो, धूर होत नाही. ती खोटी नाहीत, पण तेवढ्यासाठी दोन मुलांना घेऊन पुण्यातल्या कर्वे पुतळ्याच्या चौकात कुणी उतरणार नाही. खरं कारण असं की सायकलवर मी मुलांच्या सोबत असते. स्कूटरवर हेल्मेट आणि इंजिनाच्या आवाजात मागे बसलेला मुलगा काय बोलतो ते मला कळत नाही. सायकलवर तो अखंड बोलतो. डहाणूकर कॉलनीपासून मयूर कॉलनीपर्यंत कुठल्या कुंपणावर मांजर बसतं, कुठल्या चढाला आई सीटवरून उठते, सगळं त्याला पाठ आहे. मुलगी आता स्वतःच्या सायकलवर असते, माझ्या डाव्या हाताला, जरा पुढे.

हे सगळं म्हणणं सोपं होतं, तो पडेपर्यंत.

शाळेतून घरी येत होतो, दुपारची वेळ. मुलगी त्या दिवशी बरोबर नव्हती. गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारी लावलेल्या आणि मागून रिक्षा, म्हणून मी डावीकडे सरकले. एका उभ्या मोटारीचं दार उघडलं. माझं हँडल दाराच्या कडेला लागलं आणि आम्ही उजवीकडे आडवे झालो. रिक्षावाल्याने ब्रेक मारला, उतरला, सायकल उचलून धरली. मुलगा मागच्या सीटमध्ये पट्ट्यांनी बांधलेला, सायकलबरोबरच कललेला. मला त्याचा पट्टा सुटेना. रोज एका हाताने सुटणारं बक्कल, पण बोटं इतकी थरथरत होती की अंगठा त्यावर दाबलाच जाईना. तो रडत नव्हता. म्हणाला, "माझी बाटली कुठे गेली?" मग पट्टा सुटला, मी त्याला उचललं आणि तो किंचाळला. उजव्या कॉलर बोनला चीर गेली होती, ते नंतर कळलं.

माणसं जमली. स्कूटरवरून जाणारी एक बाई थांबली आणि मला म्हणाली, "एवढ्याशा पोराला घेऊन सायकल? आई आहात ना?" गॅलरीतून एक काका म्हणाले, "हौस असते एकेकाला." दार उघडणारा माणूस तिथेच उभा होता. त्याला कुणी काही बोललं नाही. तोच मला म्हणाला, "मॅडम, लक्ष द्यायला हवं होतं." आणि मग वाकून, गुडघ्यावर बसून त्याने गाडीखालून बाटली काढली, शर्टाला पुसली आणि मुलाच्या हातात दिली. त्याच्यावर मला आजही धड रागावता येत नाही. रागवायचं तर मला आहे.

डॉक्टरांनी विचारलं, "कशावरून पडला?" मी सांगितलं, आणि त्यांनी लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. घरी सासूबाई चकार शब्द बोलल्या नाहीत. फक्त फ्रिजवर असायची ती सायकलच्या कुलपाची किल्ली उचलून कपाटात ठेवली. या त्याच सासूबाई, ज्या आपल्या मुलीला सायकलच्या कॅरियरवर डबलसीट घेऊन, चौकातल्या पोलिसाला चुकवत शाळेत जायच्या. माझ्या जावेची मुलगी स्कूटरवर पुढे उभी असताना खड्ड्यात आपटली होती, हनुवटीला टाके पडले. तेव्हा अख्ख्या घराने खड्ड्याला शिव्या दिल्या. जावेला कुणी विचारलं नाही की तू आई आहेस ना. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा, हा नियम 2022 सालचा. आमच्या शाळेबाहेर तो पाळणारं मला तरी कुणी दिसलेलं नाही.

त्यानंतर बरेच महिने मी स्कूटर काढली. तेव्हाची मी आजच्या मला म्हणते, ज्याचं हाड दुखावलं त्याला तत्त्व शिकवू नकोस. तिचं मला खोडून काढता येत नाही. मात्र एक गोष्ट तिने फार लवकर मान्य केली: दार उघडणाऱ्याने काही केलं नाही, जे केलं ते मीच.

किल्ली मी परत काढली ती आमच्या रविवारच्या मैदानामुळे. आम्ही काही जणी तिथे मोठ्या बायकांना सायकल शिकवतो. सीट खाली घ्यायची, दोन्ही पेडल काढून ठेवायची, ओढणी कमरेला बांधायची आणि पायांनी जमीन ढकलत तोल सापडेपर्यंत फिरायचं. स्वयंपाकाची कामं करणाऱ्या एक मावशी येतात. त्यांनी मला विचारलं, "ताई, नातीला मागे बसवायचं तर तिचा पाय चाकात जाऊ नये म्हणून काय करू?" इतकं सरळ मला कुणीच विचारलं नव्हतं. मी दाखवलं: मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी, पाय ठेवायला पट्टी, आणि पोर चढवताना सायकल दुपायी स्टँडवर. त्यांच्या घरी स्कूटर नाही. नातीला बालवाडीत पोचवून चार घरी वेळेत जायचं, तर त्यांना सायकलच हवी.

तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात 1990 नंतरच्या साक्षरता मोहिमेत लाखाच्या आसपास बायका सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत तेव्हा तिथे कलेक्टर होत्या. लेडीज सायकली कमी पडल्या तर बायकांनी जेंट्स घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

"हे काय हॉलंड आहे का?" असंही तुम्ही विचारता. आज सायकलींचा देश म्हणतात ते हॉलंडही एकेकाळी तसं नव्हतं. 1971 मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यात 400 हून जास्त मुलं. व्हिक लँगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी त्यात गेली. त्याच्या लेखातून 'मुलांची हत्या थांबवा' ही चळवळ निघाली आणि आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले. रस्ते असे का, हा प्रश्न त्यांनी सरकारला विचारला. इथे तो मला विचारला जातो, आणि त्याचा मला खरंच कंटाळा आला आहे.

मी बदललं ते इतकंच: उभ्या मोटारींपासून दार उघडेल एवढं अंतर ठेवते, मागचा कितीही हॉर्न वाजवो. मोटार चालवत असाल तर दार डाव्या हाताने उघडा. खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारी सायकल दिसते.

मुलाची सीट 22 किलोपर्यंतची. तो लवकरच त्यापलीकडे जाईल. मुलीला जूनपासून एकटीने शाळेत जायचंय. नवरा नाही म्हणतो आणि मी त्याच्याशी भांडते, पण तिला मी अजून हो म्हटलेलं नाही. रविवारी ती पुढे, मी मागे, असं शाळेपर्यंत जाऊन येतो. त्या गल्लीत मी "मधून चल!" म्हणून ओरडते, ती "माहितेय गं" म्हणते. जूनमध्ये काय करायचं ते ठरलेलं नाही.