एका विहिरीवर आठ अलंकार

स्पर्धा परीक्षेसाठी मराठी व्याकरण पुन्हा हातात घेतलं तेव्हा समास आणि प्रयोग झेपले, अलंकारांत मात्र सारखी गल्लत व्हायची. ‘सारखा’ दिसलं की उपमा, ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा, अशी खूणगाठ बांधून सराव करत होते. मग एका सराव परीक्षेत नामदेवांचं ‘अमृताहुनी गोड नाम तुझे देवा’ आलं. लहानपणापासून पाठ असलेली ओळ, पण तिच्यात ना ‘सारखा’ ना ‘जणू’. मी उपमेवर खूण केली. उत्तर होतं व्यतिरेक.

त्या रात्री व्याख्या बाजूला ठेवल्या आणि आजोळच्या विहिरीवर वाक्यं रचायला बसले. उपमेय, म्हणजे ज्याची तुलना करायची ते, पाणी; उपमान, म्हणजे ज्याच्याशी करायची ते, आरसा; आणि साधारण धर्म, म्हणजे दोघांतला समान गुण, लख्खपणा. हे तिन्ही बदलायचे नाहीत.

पाणी आरशासारखं लख्ख, ही उपमा. पाणी जणू आरसाच, ही उत्प्रेक्षा. पाण्याच्या आरशात आभाळ उतरलं, इथे दोघांत फटच उरली नाही, म्हणून रूपक. हे पाणी नव्हेच, आरसा आहे, असं म्हणत उपमेयच नाकारलं की अपन्हुती. पाणी आरशाहून लख्ख म्हटलं की व्यतिरेक. नामदेवांच्या ओळीत नाम अमृताच्या वर चढतं ते असंच. आणि या पाण्यासारखं हेच पाणी, हा अनन्वय; इथे मात्र आरसा बाजूला सारून पाणीच स्वतःचं उपमान होतं.

खरा उलगडा पुढच्या दोघांनी केला. हे पाणी की आरसा? मन ठरवू शकत नाही, तो ससंदेह. आरसा समजून एक बाई काठावर वाकली आणि कपाळावरचं कुंकू नीट करू लागली, हा भ्रांतिमान. उत्प्रेक्षेत बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की पाणी हे पाणीच आहे, तो फक्त कल्पना करतो. भ्रांतिमानात माणूस खरोखर फसतो आणि तसा वागतोही. ‘जणू’ शोधत बसले असते तर हा फरक मला कधीच दिसला नसता.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्र या प्राचीन संस्कृत ग्रंथात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत, हे नंतर वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. एवढा मोठा पसारा पुढच्यांनी असाच एकेक बारकावा वेगळा काढत वाढवला असणार.

दृष्टांत आणि अर्थान्तरन्यास हे दोन अलंकार अजून अडतात. त्यांच्यासाठी वहीची दोन पानं कोरी ठेवली आहेत.