आमची वाटचाल : टँकर, टाकी आणि पेट्रोलची पिशवी

बँकेच्या अर्जात कामाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'जुन्या मोटारींना फ्युएल सेल बसवणे'. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "हायड्रोजन? जालन्यात?"

हा सेल हायड्रोजनपासून वीज करणारा नव्हे, हे त्यांना सांगता सांगता चहा निवला. ही पेट्रोलचीच टाकी, पण शर्यतीच्या गाडीची. बाहेर पत्र्याचा डबा, आत रबर चढवलेल्या कापडाची जाड पिशवी आणि पिशवीत गच्च बसवलेला जाळीदार फोम. गाडी आदळली, डबा चेपला, तरी पिशवीनं फाटायचं नाही. "मग टाकी लिहा ना," साहेब म्हणाले. कर्ज शेवटी पाण्याच्या टँकरच्या नावावरच मिळालं.

ते बरोबरही होतं, कारण आमचं पोट अजून टँकरवरच भरतं. जालना सळईसाठी नावाजलेलं, आमची भाकर मात्र पत्र्यावर. अण्णा, म्हणजे माझे वडील, रेडिएटरला डाग द्यायचे, ट्रॅक्टरच्या टाक्या सांधायचे. रिकाम्या पेट्रोलच्या टाकीला ते भरलेल्या टाकीपेक्षा जास्त भ्यायचे. रिकामीत वाफ असते, ठिणगी पडली की बाँबच. सोडा घातलेल्या गरम पाण्यानं दोनदा धुवायची, झाकण उघडं ठेवायचं, मग जिथं वेल्डिंग करायचंय तेवढा भाग सोडून पाण्यानं भरायची. हे झाल्याशिवाय ते टाकीला हात लावू देत नसत. आजही आमच्याकडं हाच नियम आहे.

2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा टँकरवर जगवायची वेळ आली आणि आम्ही रात्रंदिवस पाच हजार लिटरचे टँकर बांधू लागलो. घाईघाईत एका टँकरात मी पाण्याचं हिंदकळणं अडवणाऱ्या आतल्या प्लेटा कमी टाकल्या. पत्रा वाचला, वेळ वाचला. आठ दिवसांनी तो टँकर अर्धा भरलेला असताना वळणावर कलंडला. माणूस वाचला, ट्रॅक्टरचं चाक मोडलं. शेतकरी दुकानात येऊन एवढंच म्हणाला, "कामून असं केलं, दादा?" दुरुस्ती आम्ही फुकट केली, पण त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पूर्ण भरलेला टँकर शहाणा असतो. अर्ध्या टँकरातलं पाणी वळणावर एका अंगाला धावतं आणि गाडीला सोबत ओढतं.

म्हणूनच संभाजीनगरचे एक डॉक्टर प्रीमियर पद्मिनी घेऊन आले आणि त्यांनी फोमचं सांगितलं, तेव्हा मला ते लगेच उमगलं. आमच्या चार प्लेटा जे काम करतात, तेच फोमची हजारो छिद्रं करतात. जागा मात्र फोम फार खात नाही, शंभर लिटरमागं दोन-तीन लिटर. डॉक्टरांना गाडी शर्यतीच्या मैदानावर पळवायची होती. 1964 साली इंडियानापोलिसच्या शर्यतीत पेट्रोलचा भडका उडून एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड गेले, त्यानंतर तिकडं अशा पिशव्यांचा आग्रह वाढला, हे मला त्यांनीच सांगितलं.

तीस लिटरचा सेल बाहेरून मागवला. खोकं उघडलं आणि पहिला धडा मिळाला. पिशवीवर बनवल्याची तारीख असते आणि एफटी-3 (शर्यतींच्या जागतिक संस्थेचा, एफआयएचा, एक दर्जा) पिशवीच्या आयुष्याची पाच वर्षं त्या तारखेपासून मोजतात, बसवल्यापासून नाही. आमची पिशवी कुणाच्या तरी गोदामात दोन वर्षं झोपून आली होती. विकणाऱ्यानं ते सांगितलं नव्हतं. त्याचं नाव घेत नाही, पण आता तारखेचा फोटो आल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही.

दुसरा धडा आमच्याच हातचा. वरच्या झाकणाला चोवीस बोल्ट. पोरानं ते घड्याळासारखे एकापाठोपाठ आवळले आणि गॅस्केट एका बाजूला दबलं. वर खात्री म्हणून सिलिकॉन फासलं. पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगतं, सुटतं. सकाळी डिकी उघडली तर वासानं डोळे चुरचुरले. मग सगळं खोललं, साफ केलं, बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करून तीन फेऱ्यांत आवळले. हवेच्या नळीला गाडी उलटली की बंद होणारा व्हॉल्व्ह, भरायच्या तोंडापासून चॅसीपर्यंत अर्थिंगची तार, डिकी आणि मागच्या सीटमध्ये सलग पत्रा. एवढं करून किल्ली फिरवली तर भरल्या टाकीवर काटा रिकामं दाखवतोय. नव्या सेंडरचा, म्हणजे टाकीतलं पेट्रोल मोजून काट्याला कळवणाऱ्या भागाचा, रोध जुन्या मीटरच्या उलटा होता. डॉक्टर हसले, "राहू द्या भाऊ, मी उलटा वाचीन." आम्ही मात्र सेंडर बदलला.

तेव्हापासून फोन येतात. आलेल्या दहांपैकी आठांना मी सेल बसवू नका म्हणतो. सणावाराला गाडी बाहेर काढणाऱ्याला मूळ टाकी नीट करून घेणं पुरतं. शिवाय सेल खाली बसवायला डिकीचा तळ कापावा लागतो, तो मी कापत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा, म्हणजे गाडीत परस्पर बदल न करण्याचा, विषय आहेच. त्यात पन्नास वर्षांपुढच्या गाडीला 2021 च्या नियमांनी 'व्हीए' मालिकेचा नंबर हवा असेल तर ती मूळ रूपात असावी लागते. एकदा कापलेला पत्रा मूळ होत नाही.

मूळ टाक्यांचं काम मात्र वाढलंय, ते पेट्रोलात मिसळलेल्या उसाच्या इथेनॉलमुळं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की पाणी-इथेनॉल तळाला बसतं, टाकी आतून गंजते, जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात. सेलमधला साधा फोमसुद्धा त्यानं भुगा होऊन फिल्टरात अडकतो, म्हणून इथेनॉल सोसणारा फोम सांगून मागवावा लागतो. गोदाकाठचा ऊस कारखान्यात जातो आणि टाकीच्या भोकातून आमच्या दुकानात येतो, असं अण्णा म्हणतात. त्यांचा स्वतःचा तीन एकर ऊस आहे, त्यामुळं जास्त बोलत नाहीत.

सध्या शेडमध्ये दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप उभी आहे. हिची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली, गादी उचलून पेट्रोल भरायचं. मालकाला तिथंच सेल हवाय. तीनदा माप घेतलं, कुठलाही तयार डबा त्या खळग्यात बसत नाही आणि मागं बसवला तर जीप मूळ राहत नाही. अण्णांनी जुनी टाकी सोड्याच्या पाण्यात टाकून ठेवलीय. मालक रविवारी येणार आहेत.