तुम्ही विचारलंत म्हणून: "प्रेग्नन्सीत काही झालं होतं का गं?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये विचारला गेलाय, थेरपी सेंटरच्या बाकावर शेजारी बसलेल्या दुसऱ्या आईनेही विचारलाय, आणि तिला स्वतःला तोच प्रश्न कुणीतरी रोज विचारत असणार हे मला माहीत आहे. मुलगा आता चौदाचा आहे, ऑटिझमचं निदान तो साडेतीनचा असताना झालं. विचारणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा वाईट नसतो. पण प्रश्न कधी एकटा येत नाही. ग्रहण पाळलं होतंस ना? गर्भसंस्काराची सीडी ऐकली नव्हतीस का? नवव्या महिन्यापर्यंत ऑफिसला जात होतीस ना, स्कूटीवरून?

डॉक्टरही गरोदरपणाबद्दल विचारतात, ते मला कधी टोचलं नाही. बाळ जन्मल्यावर लगेच रडलं का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, कावीळ किती वाढली होती, वजन किती, कितव्या आठवड्यात डिलिव्हरी. त्या प्रत्येक प्रश्नामागे पुढची काहीतरी तपासणी असते. पंगतीतल्या प्रश्नामागे फक्त एक बोट असतं. आपल्याकडे ही सवय फार जुनी आहे म्हणा, सुभद्रेला गोष्ट ऐकता ऐकता डुलकी लागली म्हणून अभिमन्यूला चक्रव्यूहातून बाहेर पडता आलं नाही असं आपण लहानपणापासून ऐकतो, समोर सात महारथी एकट्या पोरावर तुटून पडले होते तरी चर्चा आईच्या झोपेची! आणि हे काही फक्त आपलंच नाही. अमेरिकेत लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी 1943 साली 11 मुलांवर ऑटिझमचा तो गाजलेला पेपर लिहिला, त्यानंतर वीसेक वर्षं तिकडे मोठमोठे लोक "थंड आयांमुळे" मुलं अशी होतात असं सांगत होते, आणि त्या आयांना अपराधी म्हणून आयुष्य काढावं लागलं.

मी विमा कंपनीत क्लेम डिपार्टमेंटला काम करते. रिस्क हा आमचा रोजचा भात आहे. आणि तिथे पहिल्याच वर्षी शिकवतात की रिस्कचा आकडा हजार पॉलिसींना लागू होतो, समोर बसलेल्या एका माणसाला नाही. सिगरेट ओढणाऱ्यांचा प्रीमियम जास्त असतो, पण म्हणून अमुक एक काका सिगरेटनेच गेले असं फाइल न बघता मी लिहू शकत नाही. ऑटिझमच्या बातम्या वाचताना लोक नेमकं हेच विसरतात. "गरोदरपणात अमुक असेल तर ऑटिझमची शक्यता दीडपट" अशी हेडलाइन येते, आणि मग दीडपट म्हणजे कशाच्या दीडपट हे कुणी विचारत नाही. शंभरात दीड मुलं होती ती शंभरात सव्वादोन झाली तर तेही दीडपटच, आणि उरलेल्या पावणेअठ्ठ्याण्णव बायकांनी उगीच वर्षभर जीव टांगणीला लावलेला असतो.

तर ऑटिझम कशाने होतो, याचं आता उत्तर. सगळ्यात मोठा वाटा जीन्सचा. 2019 साली डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया इथल्या मिळून 20 लाख मुलांचा अभ्यास आला, त्यात ऑटिझमबाबत मुलामुलांतल्या फरकाचा साधारण 80 टक्के भाग आनुवंशिक निघाला, आणि आईच्या शरीराचा, म्हणजे गर्भातल्या वातावरणाचा वेगळा असा परिणाम मोजायला गेले तर हाताला जवळपास काहीच लागलं नाही. इथे लगेच "मग कुणाच्या घराण्यातून आलं?" सुरू होतं, म्हणून सांगते, जीन्समधले यातले काही बदल आईबापांच्या कुणाच्याच अंगात नसतात, बीज तयार होतानाच नवे झालेले असतात, त्यामुळे माहेर की सासर हा वाद कृपया नको.

मला सगळ्यात जास्त पटलेला अभ्यास 2025 च्या जानेवारीत आला. डेन्मार्कमधली 11 लाखांवर मुलं, आणि त्यांच्या आयांना गरोदरपणाच्या आसपास झालेले एकूण एक आजार, डायबिटीस, डिप्रेशन, ॲलर्जी, इन्फेक्शन, जे काही सरकारी रेकॉर्डमध्ये होतं ते सगळं काढलं. पोटापाण्याची परिस्थिती, वय आणि आईचे बाकीचे आजार हिशोबात धरल्यावर 30 निदानं अशी उरली की ज्यांचा ऑटिझमशी संबंध दिसत होता. मग त्यांनी खरी गंमत केली, भावंडांशी तुलना केली आणि वडिलांचेही आजार बघितले. तर कितीतरी आजार वडिलांना असले तरी संबंध साधारण तेवढाच! वडील तर गरोदर नव्हते. म्हणजे घरातले जीन्स आणि घराची परिस्थिती दोन्हीकडे डोकावत होती, आईचं डिप्रेशन एकीकडे आणि मुलाचा ऑटिझम दुसरीकडे, मुळं एकाच जागी. भावंडांच्या तुलनेतही टिकून राहिलं ते मुख्यतः पोटातल्या बाळाच्याच अडचणींशी असलेलं नातं, आणि त्या संशोधकांचं म्हणणं असं की त्या अडचणी कारण असण्यापेक्षा ऑटिझमच्या आधी दिसणारी खूण असाव्यात.

डोलो आणि क्रोसिनचंही तेच. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी टीव्हीवर सांगून टाकलं की गरोदर बायकांनी पॅरासिटामॉल घेऊ नये, त्या आठवड्यात मला आलेले मेसेज काय सांगू, सगळ्यांना अचानक आठवलं की मला सातव्या महिन्यात ताप आला होता. आता याच्यावर स्वीडनमध्ये आदल्याच वर्षी सुमारे 25 लाख मुलांचा अभ्यास झाला होता. वरवर बघितलं तर किंचित फरक दिसला, एकाच आईच्या दोन मुलांची, एकाच्या वेळी गोळी घेतलेली आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, अशी तुलना केली तर तो फरक गायब. अंगात ताप तसाच ठेवणं हे उलट बाळाला चांगलं नसतं. गोळी डॉक्टरला विचारून, लागेल तेवढीच, हे आधीही खरं होतं.

पण म्हणजे गरोदरपणात घडलेल्या कशानेच काही होत नाही असं मी म्हणत नाहीये, उलट जे खरं आहे त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही याचाच मला राग येतो. रुबेला, म्हणजे जर्मन गोवर घ्या. 1964 च्या सुमारास अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली, पोटात असताना रुबेला झालेल्या 243 मुलांचा न्यूयॉर्कमध्ये स्टेला चेस यांनी अभ्यास केला आणि त्यातल्या 18 जणांत पूर्ण किंवा अर्धवट ऑटिझम सापडला, त्या काळात हा आकडा प्रचंड होता. रुबेला लसीने थांबतो. आणि 2018 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर काय फिरत होतं, तर "ही लस देऊ नका, ऑटिझम होतो"! ज्या 1998 च्या पेपरवरून हे सुरू झालं त्यात मुलं होती 12, आणि तो पेपर 2010 साली तो छापणाऱ्या जर्नलनेच मागे घेतला. ऑटिझमचं एक टाळता येणारं कारण जी लस टाळते तिलाच लोक घाबरून बसलेले.

दुसरं व्हॅल्प्रोएट. फिट्सवरची गोळी, मूडच्या आजारातही देतात. डेन्मार्कच्या 2013 च्या अभ्यासात पोटात असताना ही गोळी मिळालेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण 4.4 टक्के निघालं, एकूण मुलांत दीड टक्का होतं. हा फरक खरा आहे, आणि ऑटिझमशिवाय जन्मजात व्यंगाचाही धोका त्यात आहे. पण कृपया, हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळी बंद करू नका, गरोदरपणात मोठी फिट आली तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. मूल हवं असं ठरवाल तेव्हाच, म्हणजे दिवस राहायच्या आधी, न्यूरोलॉजिस्टकडे जा, बदलायला दुसरी औषधं असतात. आणि मुलगी पंधरा-सोळाची असताना ही गोळी सुरू करताना डॉक्टरने हे आईबापांना नीट सांगायला हवं, ती जबाबदारी मुलीची नाही.

तिसरं, फार लवकर झालेली डिलिव्हरी. स्वीडनच्या आकड्यांत 28 आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांत ऑटिझम सुमारे 6 टक्के, पूर्ण दिवस भरलेल्यांत 1.4. भारतातला अभ्यासही आहे, 2018 साली छापून आलेला, पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचं उत्तर गोवा. 2 ते 9 वर्षांची जवळजवळ चार हजार मुलं घरोघर जाऊन तपासली, तेव्हा ऑटिझम शंभरात एकाच्या आसपास निघाला. तो अभ्यास एकट्या ऑटिझमचा नव्हता, फिट्स, सेरेब्रल पाल्सी, कमी ऐकू येणं असं सगळं मिळून होता, आणि त्या सगळ्याशी जोडलेली कारणं बघा: दवाखान्याबाहेर झालेलं बाळंतपण, बाळ उशिरा रडणं, कमी वजन, मेंदूचं इन्फेक्शन, खुंटलेली वाढ. यात ग्रहण कुठे आहे? रस्ता, ॲम्ब्युलन्स आणि रात्री दोन वाजता जागा असलेला बालरोगतज्ज्ञ, हे आहे यात.

आणि एक गोष्ट जी मला चौदा वर्षांत एकानेही विचारली नाही, ती म्हणजे नवऱ्याचं वय. पाच देशांतल्या 57 लाख मुलांचा 2016 चा अभ्यास सांगतो की विशीतल्या बापांच्या तुलनेत चाळिशीतल्या बापांच्या मुलांत प्रमाण 28 टक्क्यांनी जास्त, पन्नाशीपुढे 66 टक्क्यांनी. चाळिशीतल्या आयांचा आकडा 15 होता. मी हे एकदा हळदीकुंकवाला सांगितलं तर सगळ्या गप्प, मग विषय तिळगुळाच्या वड्यांवर गेला. (आमच्या ह्यांचं वय तेव्हा 33, म्हणजे तेही सुटले.)

तर माझ्या प्रेग्नन्सीत काय झालं होतं? उलट्या. पाचव्या महिन्यापर्यंत. आणि सातव्या महिन्यातला तो ताप. बाकी पूर्ण दिवस, तीन किलोच्या जरा आत, जन्मल्या जन्मल्या रडला आणि त्यानंतर दोन वर्षं थांबला नाही.

दुसरं मूल होऊ देऊ का, असं मला ज्या आया विचारतात त्यांच्या प्रश्नाला मात्र मी बसून उत्तर देते. एका मुलाला ऑटिझम असेल तर पुढच्याला असण्याची शक्यता साधारण पाचात एक, त्याच्यासाठी जेनेटिक काउन्सेलर गाठा, निर्णय तुमचा दोघांचा, सासूचा नाही.

खरं सांगू, पोटात काय झालं यापेक्षा आता त्याच्या अंगात काय चाललंय हे विचारलं तर मला बरं वाटेल. 2016 साली स्वीडनमधून जो आकडा आला तो मी बरेच दिवस नवऱ्याला सांगितला नव्हता: ऑटिझम असलेल्या माणसांचं मृत्यूचं सरासरी वय 54, बाकीच्यांचं 70, आणि सोबत बौद्धिक अक्षमता असेल तर 40 च्या आसपास. ऑटिझम स्वतः कुणाला मारत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या गटात फिट्स, दुसऱ्या, नीट बोलणाऱ्या-शिकलेल्या गटात आत्महत्या, आणि सगळ्यांतच साधे आजार, हार्टचे वगैरे, बाकीच्यांपेक्षा जास्त घेऊन जातात. सोबत बौद्धिक अक्षमता असलेल्या पाचातल्या एकाला तरी फिट्स असतात आणि त्या सुरू व्हायचं एक वय म्हणजे हेच, वयात येतानाचं. म्हणून मी त्याला बाथरूमची कडी लावू देत नाही. पोहायला शिकवलं कारण ही मुलं पाण्याकडे ओढली जातात आणि बुडून जायचं प्रमाण खूप आहे. विम्याचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी मेडिकल टेस्ट नाही, थेरपीचेही काही पैसे मिळतात, रिन्यूअल मात्र लक्षात ठेवा, लोक तिथेच चुकतात.

आणि दुखणं. गेल्या पावसाळ्यात तो हात चावायला लागला, स्वतःच्या गालावर मारून घ्यायला लागला, तर ज्याला विचारावं तो म्हणे "बिहेविअर आहे, वयात येतोय, औषध वाढवा". शेवटी एका दंतवैद्यांनी फरशीवर मांडी घालून, त्याच्या शेजारी बसून, मोबाईलच्या टॉर्चने तोंडात बघितलं. मागची दाढ आतून पूर्ण किडलेली. दाढ काढली, तिसऱ्या दिवशी हात चावणं बंद. तेव्हा बोलता न येणारं मूल अचानक बदललं तर आधी दात, कान आणि पोट बघून घ्या, बद्धकोष्ठ तर बऱ्याचदा असतं. आणि डेंटिस्टकडे नेताना सकाळची पहिली अपॉइंटमेंट मागा, ड्रिलचा आवाज सुरू व्हायच्या आधीची, आणि रिसेप्शनवर फोन करूनच सांगून ठेवा की याला वेटिंगमध्ये बसवणार नाही, आम्ही खाली गाडीत थांबतो, नंबर आला की मिस्ड कॉल द्या.