साठ चहा की दीडशे? निवडणूक खर्चाची वही सांभाळताना

पतसंस्थेत अठ्ठावीस वर्षं हिशेब लिहिले. त्यामुळे २०२४ च्या विधानसभेला वर्गमित्र अपक्ष उभा राहिला, तेव्हा खर्चाची वही आपसूक माझ्या गळ्यात पडली. मर्यादा ४० लाखांची. आमच्याकडे वर्गणी, त्याचा पीएफ आणि मेव्हण्याकडचे उसने मिळून तीन लाखही नव्हते. मला वाटलं, दोन पानांचं काम.

पहिली अडचण बँकेत. अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं खातं उघडावं लागतं. ते उघडलं, पण ऐन दिवाळीत चेकबुक काही येईना. आणि एका माणसाला पूर्ण निवडणुकीत दहा हजारांच्या वर रोख देता येत नाही. मांडववाल्यानं तर हातच जोडले. "काका, इलेक्शनचं पेमेंट आधी रोख. निकालानंतर कोण कुणाला ओळखतंय?" त्याला ऑनलाइन पैसे पाठवून मोबाईलवरचा मेसेज दाखवला, तेव्हा कुठे टेम्पोतून बांबू उतरले.

वही तीन रंगांची. रोजचा खर्च पांढऱ्या पानांवर, रोकड गुलाबी, बँक पिवळ्या. प्रचारात तीन वेळा ती तपासणीला न्यायची. तिकडे खर्च तपासणाऱ्या निवडणूक अधिकाऱ्यांचं शॅडो रजिस्टर, म्हणजे आमच्या खर्चाची त्यांनी ठेवलेली समांतर नोंद, तयार असतं. व्हिडिओ पथकानं जे टिपलं, त्याचा हिशेब प्रशासनाच्या दरपत्रकाप्रमाणे लावलेला.

दुसऱ्या तपासणीत आमचं चहावर अडलं. मी साठ लिहिले होते, त्यांच्याकडे दीडशे. म्हटलं, "साहेब, खुर्च्या दीडशे होत्या, माणसं नव्हती." व्हिडिओ लावला. कोपरा सभा, पुढच्या चार रांगा भरलेल्या, मागे एक कुत्रं निवांत झोपलेलं. साठ मान्य झाले. पण चहा टपरीवाल्या दोस्तानं फुकट दिला होता, हे मी भोळेपणानं सांगून बसलो. फुकट असला तरी बाजारभावानं खर्चात धरायचा, आणि तेवढीच रक्कम देणगी म्हणून दाखवायची! नियम बरोबर आहे, तक्रार नाही. पण त्याच आठवड्यात शाळेच्या मैदानावर एका पक्षाच्या स्टार प्रचारकाचं, म्हणजे प्रचाराला नेमलेल्या बड्या नेत्याचं, हेलिकॉप्टर उतरलं. आमचा उमेदवारही बघायला गेला होता, खोटं कशाला बोलू? पक्षाचा उमेदवार मंचावर असेल तर सभेचा खर्च त्याच्या नावावर लागतो. स्टार प्रचारकाचा प्रवासखर्च मात्र लागत नाही. आणि पक्षानं पक्ष म्हणून किती उधळावेत, याला कायद्यात मर्यादाच नाही. ४० लाखांची वेस फक्त उमेदवाराला. निवडणूक रोखे सुप्रीम कोर्टानं त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला रद्द केले होते, पण ते पक्षाकडे पैसा येण्याच्या वाटेचं. जाण्याच्या वाटेवर गेट नाही.

मतदानाच्या आदल्या रात्री स्लिपा वाटत फिरलो. एका चाळीत आजीबाईंनी स्लिप उलटीपालटी करून पाहिली. "नुसती चिठ्ठीच? तुमचं पाकीट कधी येणार?" बाकीच्यांची येऊन गेली होती, असं त्यांनी अगदी सहज सांगितलं. त्यांना राग नव्हता, फक्त आमच्या उशिराचं नवल वाटत होतं. सी-व्हिजिलवर, म्हणजे निवडणूक आयोगाच्या तक्रारीच्या ॲपवर, तक्रार करू म्हटलं, तर फोटो कशाचा काढणार? पाकीट आजींच्या पदरात, देणारा केव्हाच गेलेला. लक्ष्मीदर्शनाला माझ्या वहीत पान नव्हतं, ना पांढरं, ना गुलाबी.

२३ नोव्हेंबरला निकाल. अनामत गेली. मित्र दोन दिवस फोन उचलत नव्हता, पण मला तशी सोय नव्हती. निकालापासून तीस दिवसांत हिशेब दिला नाही, तर आयोग तीन वर्षं अपात्र ठरवू शकतो. फ्लेक्सवाल्याकडून एक पावती पुन्हा करून आणावी लागली, कारण त्यानं तारीखच टाकली नव्हती. जुळवणीच्या दिवशी एकूण २,७४,३१० रुपये; त्यांच्या आणि माझ्या आकड्यात फरक शून्य. गोषवारा, पावत्या, बँकेचा उतारा आणि प्रतिज्ञापत्र देऊन पोच घेतली. नोटरीचे पैसे मी खिशातून भरले आणि वहीत लिहिले नाहीत. निकालाच्या तारखेनंतरचा खर्च त्यात धरत नाहीत.